नळापासून ब्रह्मगिरी, ब्रह्मगिरीपासून खाडी

मे महिना मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यात विहिगावचा धबधबा, इगतपुरी, वैतरणेचं बॅकवॉटर हे सगळेच करतात, पण मुंबईचं पाणी जिथून येतं तो अख्खा रस्ता भर उन्हाळ्यात बघायचा असं मी आणि माझा आतेभाऊ बरेच दिवस बोलत होतो. गाडी त्याची, नकाशे आणि कागद माझे, आणि शहापूर तालुक्यात शाळेवर शिकवणारी माझी मैत्रीण पहिले दोनेक दिवस सोबत. प्लॅन असा की मुलुंडपासून पाइपलाइन धरायची, एकेक धरण करत वर चढायचं, वैतरणा नदी जिथे उगम पावते तिथे जायचं आणि मग दुसऱ्या वाटेने खाली समुद्रापर्यंत यायचं.

शनिवार – मुलुंड, गुंदवली, पिसे

सकाळी निघतानाच पालिकेचा त्या दिवसाचा तलावांचा तक्ता मोबाइलवर होता, सात तलाव, प्रत्येकाची ओसंडायची पातळी, आजची पातळी, किती टक्के. हा तक्ता आम्ही मुंबईकर जूनमध्ये क्रिकेटच्या स्कोअरसारखा बघतो, आणि भरले एकदाचे की विसरतो. सातही तलाव मिळून साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईच्या हद्दीत, आणि त्यांचा वाटा बघाल तर अडीच टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळं, म्हणजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा, हे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यातलं. विहार १८६० सालचा आहे, म्हणजे तेव्हापासून आजवर शहर स्वतःच्या डोंगरातून निघून शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पोचलं, आणि दर वेळेला नवं धरण झालं की आता पुरेल असं वाटायचं, आणि तोवर शहर अजून वाढलेलं असायचं.

मुलुंडला पाइप दिसायला लागतात. काळे, माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, एकाला एक लागून. त्यांच्या कडेला वस्ती आहे, आणि त्या वस्तीतल्या बायका प्लास्टिकचे कॅन भरायला लांब जातात हेही तितकंच खरं, त्यामुळे मुंबई म्हणजे सगळे शॉवरखाली उभे असं चित्र मला मान्य नाही. मुंबई हायकोर्टाने २०१४ च्या डिसेंबरमध्ये सांगितलंय की झोपडी अधिकृत असो नसो, माणसाला पाणी द्यावंच लागेल. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते कारण पुढे जे लिहिणारे ते मुंबईच्या गरिबाविरुद्ध नाहीये.

ठाण्यातून बाळकुम, कशेळी करत गुंदवलीला आलो. इथून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे जमिनीखालून बोगदा गेलाय, त्यामुळे वर बघण्यासारखं फारसं नाही, गोडाऊनच गोडाऊन. मग पुढे पिसे. भातसा धरणाचं पाणी सरळ नदीत सोडतात, ते वाहत वाहत पिशाला येतं, तिथे बंधाऱ्याला अडवून पंपाने उचलायचं, पांजरापूरला शुद्ध करायचं आणि मुंबईला पाठवायचं. भर मे महिन्यात भातसा नदी इथे काठोकाठ. पात्रात म्हशी बसलेल्या, पोरं उड्या मारतायत. आजूबाजूच्या कितीतरी नद्या आटलेल्या असताना ही भरलेली दिसते कारण तिच्यातून मुंबईचं पाणी चाललेलं असतं. भाऊ म्हणाला, मग निदान या नदीकाठच्या गावांना तरी बरं असेल. बरोबरच आहे, काठावरच्या गावांना बरं आहे. नदीपासून थोडं लांब, थोडं वर गेलं की काय, ते दुसऱ्या दिवशी दिसलं.

रविवार – शहापूर, भातसा

मैत्रिणीकडे मुक्काम होता, तिच्याच घरी नळाला एक दिवसाआड पाणी. सकाळी लवकर भातसानगरच्या बाजूला गेलो. धरण प्रचंड आहे. सातही तलावांच्या साठ्यातलं जवळपास निम्मं पाणी या एका भातसात मावतं, ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं, कडेला लाल मातीचे पट्टे पट्टे, तरी मधे निळं पाणी पसरलेलंच होतं.

तिथून एका पाड्यावर गेलो. नाव लिहीत नाही. डांबरी रस्ता संपल्यावर वीसेक मिनिटं चढ, वर पंचवीस-तीस घरं, ठाकूर समाजाची, काही कातकऱ्यांची. जलाशय घरांच्या अंगणातून दिसतो. अगदी दिसतो, लांबवर चमकत असतो. आणि पाड्याची विहीर कोरडी.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर यायचा होता. विहिरीच्या कठड्यावर बायका आधीच बसलेल्या, हंडे रांगेत, प्रत्येकीकडे दोर आणि पोहरा. साडेदहाच्या सुमाराला टँकर आला आणि त्याने पाइप विहिरीत टाकून सगळं पाणी विहिरीत ओतलं. मला आधी कळेचना, भांड्यात का नाही देत? मैत्रीण म्हणाली सगळीकडे असंच करतात, टँकर रिकामा करून पुढच्या फेरीला जायची घाई असते. मग ते पाणी विहिरीच्या तळच्या गाळात मिसळतं आणि त्याच गढूळ पाण्यावर पोहरे पडायला लागतात, ढकलाढकली, एकमेकींचे दोर अडकतात, एक लहान पोरगी इतकी वाकलेली की माझ्याच पोटात गोळा आला. अर्ध्या-पाऊण तासात खेळ खलास. टंचाईत टँकरचा सरकारी हिशोब माणशी २० लिटर. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाच्या केंद्राच्या योजनेत, खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर धरलेत आणि शहरातल्या माणसाला नियमाने १३५. एकाच राज्यातली माणसं, एकाच धरणाच्या आजूबाजूची.

एका आजीशी बोलत बसलो. त्या म्हणाल्या, "आमची शेती धरणात गेली. पाणी तिकडं तुमच्याकडं गेलं. आमच्या वाट्याला काय आला, तर ह्यो टँकर." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या नातवाने नळ दाखवला, घरासमोर उभा केलेला, निळा पाइप, वर तोटी. पाणी कधी आलं होतं? "टेस्टिंगच्या दिशी आला होता."

मी खाली उतरता उतरता मैत्रिणीला विचारत होते की धरण एवढं जवळ असून पाणी वर का चढत नाही, तेव्हा तिने जे समजावलं ते मला आत्तापर्यंत कुठल्याच बातमीत नीट वाचायला मिळालं नव्हतं. धरण नेहमी दरीत असतं. पाडे असतात वर, टेपावर, डोंगराच्या सोंडेवर, कारण दरीतली सपाट जमीन बुडाली किंवा आधीपासून दुसऱ्या कुणाची होती. मुंबई समुद्रसपाटीला. म्हणून धरणातलं पाणी मुंबईकडे निघालं की बहुतेक वाट उतारावर असतं, आणि पाड्याकडे न्यायचं तर उपसून चढवावं लागतं. उपसायला मोटर लागते, मोटरला वीज, विजेचं बिल भरायचं ग्रामपंचायतीने, आणि पंचायतीची पाणीपट्टी गोळा होणार कुणाकडून, अर्धं गाव तर वीटभट्टीवर गेलेलं. बिल थकलं की कनेक्शन तोडलं, मोटर जळली की वर्षभर पडून. दोन-चार वर्षांनी नवी योजना येते, पुन्हा तेच.

डोंगर सगळ्यांनाच आहे हे खरं, पण त्या उताराचा फायदा कुणी घ्यायचा आणि चढाचा खर्च कुणी भरायचा हे माणसांनी ठरवलंय.

सोमवार – तानसा, मोडकसागर

आटगावहून आत वळलो. तानसा अभयारण्य, सागाची पानगळ झालेली, खाली सगळा चुरचुर पाचोळा, रस्त्यावर माकडं. करवंदं विकायला बसलेल्या पोरींकडून दोन द्रोण घेतले. तानसा धरण १८९२ चं, दगडी, इतकं लांब की दुसरं टोक उन्हात थरथरताना दिसतं. परवानगी नसल्याने भिंतीवर जाता आलं नाही, लांबूनच बघितलं. बांधकाम म्हणून मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. ज्यांनी ते दगड घडवले आणि वाहिले त्यांचं कुठे काही लिहिलेलं दिसलं नाही.

मग खर्डीच्या बाजूने मोडकसागर. याचं मूळ नाव लोअर वैतरणा, १९५७ साली पुरं झालं, पालिकेचे इंजिनियर मोडक यांचं नाव दिलं. इथे मी तो सकाळचा तक्ता परत काढला आणि भावाला ओसंडायच्या पातळ्या वाचून दाखवल्या: अप्पर वैतरणा ६०३.५१ मीटर, मध्य वैतरणा २८५, मोडकसागर १६३.१५, तानसा १२८.६३. समुद्रसपाटीपासून मोजलेल्या. आकडे असेच्या असे खाली उतरत येतात. वैतरणेचं पाणी अप्परमधून सुटतं ते नदीनेच मध्य वैतरणेत, तिथून मोडकसागरात, आणि मोडकसागर-तानशाचं पाणी भांडुपपर्यंत स्वतःच्या वजनाने येतं. या पाण्याला पंपाचा खर्च नाही, मुंबईत हजार लिटर पाणी सहा-सात रुपयांत घरगुती ग्राहकाला देता येतं त्याचं हेही एक कारण. शहापूरला मैत्रिणीच्या शेजाऱ्यांनी परवाच खासगी टँकर मागवला होता, त्याची पावती मी बघितली होती, हिशोब मांडायची पण गरज वाटली नाही.

मोडकसागराच्या खाली पुलावर थांबलो. धरणाखाली वैतरणा नावालाच. खडक, खडकांमधे डबकी, हिरवं शेवाळ, आणि दोन पोरं हाताने डबक्यातले मासे पकडत होती. पावसात दरवाजे उघडतात तेव्हा याच पुलाच्या अंगावर पाणी येतं म्हणे. म्हणजे चार महिने पूर आणि उरलेले आठ महिने जवळजवळ काही नाही. नदीला असं वाहायची सवय नसते. पूर्वी उन्हाळ्यातही डोंगरातल्या झऱ्यांचं थोडं थोडं पाणी वाहतं राहायचं, डोहाडोहांतून का होईना.

मंगळवार – कसारा, विहिगाव, मध्य वैतरणा, खोडाळा

आज मैत्रीण परत गेली, आम्ही दोघंच. कसाऱ्याहून खोडाळ्याच्या रस्त्याला लागलो. विहिगावचा धबधबा म्हणजे काळी भिंत फक्त. पावसात इथे पार्किंगला जागा नसते, आज एक कुत्रं आणि आम्ही.

विहिगावच्या पुढे वैतरणेवरचा उंच पूल येतो. गाडी बाजूला घेऊन खाली बघितलं तर मध्य वैतरणेचं बॅकवॉटर, कड्यांच्या मधे वळत गेलेलं, गडद हिरवं. कोचाळ्याजवळचं धरण १०२ मीटर उंच, या सगळ्यातलं सगळ्यात नवं, २०१४ च्या सुमारास मुंबईला पाणी सुरू झालं. या एका धरणाने शहराला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर वाढवून दिले. पुलावर वारा भरपूर होता आणि मला बराच वेळ तिथून हलावंसं वाटलं नाही. एक बाई डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि काखेत पोर घेऊन पूल ओलांडून गेली. खाली शंभरेक फुटांवर पाणी. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या एका पाड्यात थांबलो, मोखाडा तालुका. इथल्या माणसांनी चहा केला, नको नको म्हणत असताना केला, आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला तो मात्र मला घेववला नाही, आमच्याकडे गाडीत कॅन होता तोच उघडला. घरातल्या भाऊंनी सांगितलं, पाऊस इथे पडतो बक्कळ. भात होतो, नागली होते, वरई होते. पण काळा कातळ आहे, पाणी मुरत नाही, धावत खाली जातं, आणि दिवाळी झाली की झरे बारीक व्हायला लागतात. "शिमग्यानंतर रात्रीचं उठायचं. झऱ्यावर बसायचं. वाटी वाटीनं भरायचं." रात्री का? कारण दिवसभर उपसून झरा थकतो, रात्री पाणी गोळा होतं, आणि जी आधी पोचेल तिचा हंडा भरतो. त्यांची मोठी मुलगी सातवीनंतर घरीच होती. आईसोबत झऱ्यावर कोण जाणार, हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला.

दिवाळीनंतर अर्धा पाडा कामाला बाहेर जातो. कुठे? भिवंडी, वसई, वीटभट्टीवर, बिल्डिंगच्या साईटवर, रेतीवर. म्हणजे इथलं पाणी ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला माणसंही जातात, आणि तिथे नाक्यावर, साईटवर, पत्र्याच्या शेडमधे पुन्हा पाण्यासाठी रांगेतच उभी राहतात. त्या घरातले भाऊ म्हणाले, "ठाण्याला आमी ज्या बिल्डिंगला काम केला, तिला वर पवायचा तलाव होता." एवढं सांगून ते गप्प बसले, तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं.

मी विचारलं, धरणातून मागितलं नाही का पाणी? मागितलं. अर्ज, मोर्चे, पुढाऱ्यांची आश्वासनं. मध्येच कुणीतरी सर्व्हे करून जातं. जंगलखात्याची जमीन लागते पाइप टाकायला, ती परवानगी अडते. मला हे ऐकताना सारखं वाटत होतं की मुंबईचे पाइप याच जंगलातून, अभयारण्यातून गेलेत की, त्यांच्यासाठी वाट निघते आणि चार इंची पाइपला निघत नाही? शहापूरच्या गावांसाठी इगतपुरीकडच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना मंजूर झालेली आहे, आणि मला तीच दिशा बरोबर वाटते, कारण त्यात पाणी पाड्यांच्या वरून येतं, मोटरच्या बिलावर अडत नाही. मोखाड्याला, जव्हारला, विक्रमगडला असंच वरून आणता येईल का हे इंजिनियर लोकांनी बघायला हवं. मुंबईसाठी डोंगर फोडून बोगदे काढणारे हुशार लोक आपल्याकडेच आहेत ना.

खोडाळ्यात मुक्काम. रात्री लाइट गेली, अंगणात खाटा टाकल्या, चांगला गारवा होता.

बुधवार – अप्पर वैतरणा, त्र्यंबक

आज मस्त ड्राइव्ह. घाटमाथा आला की हवाच बदलते. अप्पर वैतरणा हे पसरट, उथळ, कडेला गवत, गुरं, मागे डोंगरांची रांग. १९७३ पासूनचं, आणि हे राज्य सरकारच्या खात्याचं, पालिकेचं नाही. इथलं पाणी आधी वीज तयार करतं आणि मग खाली नदीत जातं. कडेला टोमॅटो आणि भाजीपाला केलेला दिसला, म्हणजे काही जणांना पाणी मिळतंय.

दुपारी त्र्यंबकला ब्रह्मगिरी. याच डोंगराच्या एका अंगाला गोदावरी उगम पावते आणि पूर्वेला १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि पश्चिमेच्या अंगाला वैतरणा, ती दीडशेएक किलोमीटरमधेच अरबी समुद्रात. त्यामुळे इथल्या पाण्यावर डोळा दोन्हीकडून आहे, पश्चिमेला वाहून जाणारं पाणी पूर्वेला वळवून गोदावरीत, मराठवाड्याला द्या ही मागणी जुनी आहे आणि त्याच्या योजनाही आखलेल्या आहेत. मराठवाड्याची तहान खोटी नाही. पण माझ्या डोक्यात कालचा पाडा होता, आणि या सगळ्या वाटाघाटीत खुर्च्या दोनच दिसतात, मुंबईची आणि मराठवाड्याची. माथ्यावरच्या आणि उतारावरच्या गावांची खुर्ची मांडलेलीच नाही.

गुरुवार – जव्हार, वाडा, ओगदा, वज्रेश्वरी

परत फिरलो, जव्हार-विक्रमगडमार्गे वाड्याला. ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग धरवेना.

ओगद्याला जायचंच होतं, कारण मुंबईचं पुढचं धरण इथे गारगाई नदीवर होणारे. गारगाई ही वैतरणेला मिळणारी छोटी नदी. धरणातून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर, बोगद्याने मोडकसागरात आणि तिथून मुंबईला. बुडणारी गावं सहा: ओगदा, खोडदे, पाचघर, तिळमाळ, फणसगाव, आमले. जंगल तानसा अभयारण्याचं, झाडं लाखांमधे जाणार. मध्यंतरी हा प्रकल्प झाडांसाठी बाजूला ठेवला होता आणि मनोरीला समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा प्रकल्प पुढे केला होता, नंतर गारगाई पुन्हा वर आला.

गावात पारावर चार-पाच माणसं होती. आम्ही मुंबईहून आलोय म्हटल्यावर आधी वाटलं सर्व्हेवाले. तसं नाही म्हटल्यावर मोकळे बोलले. सगळे विरोधातच आहेत असंही नाही. एक तरुण म्हणाला, जमिनीला जमीन मिळाली, घर नीट मिळालं, पोरांना शाळा-दवाखाना जवळ आला तर मी जाईन, इथे काय ठेवलंय. दुसरे एक वयस्कर मामा एकदम चिडले, म्हणाले, भातसावाल्यांना विचारून ये काय मिळालं ते. मोहाची झाडं, डिंक, तेंदूची पानं, नदीतले मासे, देवाची जागा, यांचे पैसे कसे मोजणार? आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, वनहक्काचा दावा अडकलाय, त्यांना कशाच्या बदल्यात काय देणार? हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. दावे आधी निकाली काढा आणि मग धरणाचं बोला, एवढं साधं आहे, आणि तेच उलट्या क्रमाने होत आलंय.

मला धरणालाच विरोध असं सरसकट म्हणायचं नाही, मी त्याच पाण्यावर वाढले. पण हिशोब करून बघा. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर येतं. त्यातला निदान चौथा हिस्सा गळती आणि चोरीत जातो असं पालिकेचे लोकच वर्षानुवर्षं सांगत आलेत. म्हणजे साडेनऊशेच्या वर. दोन गारगाई रोज जमिनीत आणि टँकर माफियाच्या खिशात. आणि जे वापरलं जातं ते मलजल होऊन समुद्रात आणि खाडीत. आता कुठे सात नवीन मलजल प्रक्रिया केंद्रं बांधताहेत, वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप, सगळी मिळून २,४६४ दशलक्ष लिटरची. त्यातलं पाणी बांधकामाला, बागांना, फ्लशला, कारखान्यांना वापरायला लागलो तर ओगद्याच्या माणसांना अजून बराच काळ उठवायची गरज पडणार नाही. हे आधी का नको? कारण गळती शोधणं म्हणजे रस्ते खणणं, मीटर बसवणं, वजनदार लोकांची चोरीची कनेक्शनं तोडणं. त्यापेक्षा सहा आदिवासी गावं हलवणं सोपं वाटतं.

संध्याकाळी वज्रेश्वरी. अकलोलीच्या गरम कुंडांत पाय टाकून बसलो. बाजूची तानसा नदी, तीच, वर दगडी धरणात अडवलेली, इथे खडकांतून थोडीथोडकी. कुंडं मात्र भरलेली आणि गर्दी भरपूर.

शुक्रवार – वैतरणा खाडी

शेवटचा टप्पा. वैतरणा स्टेशन आणि सफाळ्याच्या मधे रेल्वेचे लांब पूल आहेत, खाली खाडी, आणि खाडीतल्या बेटावर वाढीव गाव, चारी बाजूंनी खारं पाणी. याच पुलांच्या आसपास वर्षानुवर्षं रेतीउपसा होत आला, पुलांना धोका आहे म्हणून बंद करायचे आदेशही निघाले. वर पाणी अडलं की गाळ आणि रेतीही धरणातच अडते, खाली नवी रेती येत नाही, आणि जी आहे ती आम्ही शहरातल्या काँक्रीटसाठी उपसतो. दोन्हीकडून तीच नदी खातोय.

मग दातिवऱ्याला, जिथे वैतरणा समुद्राला मिळते. मासे वाळत घातलेले, होड्या वर ओढलेल्या, जाळी विणत बसलेले एक कोळी काका भेटले. मी धरणांच्या बाजूने आले म्हटल्यावर त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, खाडीला गोडं पाणी लागतं. कोळंबी, बोय, जिताडा, सगळ्यांची पिल्लं गोड्या-खाऱ्याच्या मिसळीत वाढतात. आता दिवाळीनंतर वरून काही येत नाही, खारं पाणी भरतीबरोबर आत आत जातं, आतल्या गावांच्या विहिरी मचूळ झाल्या, शेताचे बांध फुटले की खाजण, म्हणजे खारी दलदल, होतं. आणि वलगणीचे मासे, पहिल्या पावसाला उलटे चढून शेतात, ओढ्यात अंडी घालायला जाणारे, त्यांच्या लहानपणी पोत्यांनी मिळायचे, आता भिंतीपर्यंत जातात आणि थांबतात.

"पावसात दारं उघडता ते आमच्या काय उपयोगाचं, तेव्हा गोडं पाणी इथे असतंच. फागुनात थोडं सोडा. नदी नुसती ओली राहील एवढं तरी."

फाल्गुनात थोडं पाणी सोडणं, हे मला या सगळ्या प्रवासात ऐकलेलं सगळ्यात नेमकं मागणं वाटलं. कुठलंही धरण पाडायला ते सांगत नव्हते. धरणातून नदीसाठी म्हणून दर महिन्याला ठरावीक पाणी खाली सोडायचं आणि ते किती सोडलं हे रोजच्या तलावांच्या तक्त्यातच छापायचं. आणि त्याच तक्त्यात अजून एक रकाना, धरणाच्या आजूबाजूच्या कुठल्या गावाला आज किती दिलं. पालिका रोज सकाळी सात आकडे छापतेच, त्यात हे दोन रकाने वाढले तर आम्हा वाचणाऱ्यांना निदान कळेल की कुणाच्या वाटणीतून आपला नळ चालू आहे, आणि कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी बांधील राहील. परत आल्यावर आम्ही आमच्या वॉर्डच्या नगरसेवकाला आणि आमदाराला एवढ्या दोनच गोष्टींचं पत्र लिहिलंय. सोसायटीतल्या अठरा घरांनी सह्या केल्या, काहींनी नाही केल्या, पाणीकपात होईल म्हणून घाबरले, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

कुणाला हा रूट करायचा असेल तर: मे महिन्यातच जा. धरणांच्या भिंतीवर आधी परवानगी काढल्याशिवाय सोडत नाहीत, त्यात वेळ घालवू नका, पुलांवरून आणि बॅकवॉटरच्या रस्त्यांवरून पुरेसं दिसतं. खोडाळ्याच्या पुढे पेट्रोल आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. विहिरीवर, झऱ्यावर बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, त्यांना त्याचा खूप त्रास झालाय. आणि प्यायचं पाणी गाडीत भरपूर घ्या, वीस लिटरचे दोन कॅन तरी, पाड्यावर कुणी तांब्या पुढे केला तर तो परत त्यांच्याच माठात ओता आणि आपल्यातला एक कॅन तिथे ठेवून या.